दिल्लीतल्या चिन निर्वासित कुटुंबांसाठी तरुण संघाची सेवा-सहल: आखणी कशी करावी?

तरुणसंघ_नगर

सर्वांना सलाम. आमच्या मंडळीचा (चर्चचा) तरुण संघ (अहिल्यानगर) या वर्षी दिल्लीला सेवेसाठी जायचं म्हणतो आहे. पश्चिम दिल्लीत विकासपुरी, हस्तसाल, उत्तम नगर या भागांत म्यानमारहून आलेली चिन जमातींची ख्रिस्ती कुटुंबं राहतात, त्यांच्यासाठी. आत्तापर्यंतचा आराखडा असा:

१८ जण, वय १६ ते २६. २३ डिसेंबरला निघून ३० ला परत. १०० कुटुंबांना किट (५ किलो गव्हाचं पीठ, २ किलो तूरडाळ, साखर, चहा, तेल). मंडळीतून गोळा केलेले कपडे, साधारण १० पोती. संध्याकाळी वस्तीत हिंदी पथनाट्य आणि गीतं. दिवसा घरभेटी आणि मुलांसाठी शब्बाथशाळा (बायबलचे वर्ग). संघातल्या एका मुलीचे काका-काकू शिकागोला असतात (भारतीय वंशाच्या परदेशी नागरिकांना मिळतं ते ओसीआय कार्ड आहे), तेही येणार आहेत आणि तिकडच्या मंडळीकडून मदत पाठवतो म्हणतात.

पाळकसाहेबांनी सांगितलंय की आधी जाणकारांना विचारा, मग तिकिटं काढा. काय बदलावं?

---

पश्चिम_दिल्ली_सेवा

सलाम. पाळकसाहेबांनी योग्य सांगितलं. तिकिटं काढली नसतील तर बरंच सुधारता येईल.

सर्वांत आधी पथनाट्य काढून टाका. चिन लोकांपर्यंत सुवार्ता १८९९ साली पोचली. अमेरिकन बॅप्टिस्ट मिशनरी आर्थर आणि लॉरा कार्सन म्यानमारच्या चिन डोंगरातल्या हाखा गावी आले तेव्हा. आज चिन समाजातले बहुतेक लोक ख्रिस्ती आहेत. दिल्लीत त्यांच्या स्वतःच्या मंडळ्या आहेत, स्वतःचे पाळक आहेत, आणि हाखा, फलम, झोमी, मतू, मारा अशा आपापल्या भाषांत उपासना चालते. त्यांना तारणाचा संदेश नाटकातून सांगायला जाणं म्हणजे ज्यांच्या घरी पाहुणे म्हणून जातो त्यांना ओळखलंच नाही असं होतं. आणि गल्लीत नाटक बघायला उभे राहतील ते शेजारी आणि घरमालक. दिल्लीत धर्मांतरविरोधी कायदा नाही, पण शेजारच्या हरियाणात आणि उत्तर प्रदेशात आहे, आणि तक्रारीला कायदा लागतोच असं नाही. तुम्ही ३० तारखेला गाडीत बसाल. खोली रिकामी करायला सांगितलं जाईल ते त्या कुटुंबाला.

या लोकांचं कायदेशीर स्थान संघातल्या प्रत्येकाला निघण्याआधी समजलं पाहिजे. भारताने १९५१ च्या निर्वासित करारावर सही केलेली नाही, निर्वासितांसाठी वेगळा कायदाही नाही. चिन लोकांची नोंदणी यूएनएचसीआर (संयुक्त राष्ट्रांची निर्वासितांसाठीची संस्था) करतं आणि ओळखपत्र देतं. हे काम दिल्लीतच होतं, म्हणून मिझोरममध्ये आपल्या भाषेची माणसं असूनही कुटुंबं इतक्या लांब येतात. त्या पत्रावर नोकरीचा परवाना मिळत नाही. त्यामुळे छोटे कारखाने, हॉटेलं, घरकाम अशी कच्ची कामं, आणि पगार बुडाला तर दाद मागायला भीती. २०१९ च्या नागरिकत्व दुरुस्तीत ख्रिस्ती आहेत, पण देश तीनच आहेत: पाकिस्तान, बांगलादेश, अफगाणिस्तान. म्यानमार नाही. 'तुम्ही ख्रिस्ती आहात, तुम्हाला नागरिकत्व मिळेल' असं आपली मुलं भाबडेपणाने बोलून जातात. ते बोलू नये.

तारखा. २३ ते २६ डिसेंबर त्यांच्या मंडळ्या स्वतःच्या नाताळात बुडालेल्या असतात. तुम्ही गेलात तर तुमची सरबराई करण्यात त्यांचे दोन दिवस जातील. माझ्या मते दोनच मोसम चांगले: ऑक्टोबरचा पहिला पंधरवडा किंवा फेब्रुवारीचा दुसरा पंधरवडा ते मार्च. दिवाळीच्या आसपास हवा इतकी बिघडते की शाळा बंद ठेवाव्या लागतात आणि मोकळ्या जागेतला कुठलाही कार्यक्रम करता येत नाही. जानेवारीच्या पहिल्या पंधरवड्यात दिल्लीच्या सरकारी शाळांना थंडीची सुट्टी असते, मुलं मोकळी असतात, हा एक फायदा. पण धुक्याने गाड्या सहा-सहा, आठ-आठ तास उशिरा धावतात, तेव्हा जाताना-येताना एकेक दिवस रिकामा ठेवा. २० फेब्रुवारीला चिन राष्ट्रीय दिन असतो. तो दिवस सापडला तर काम ठेवू नका, बोलावलं तर पाहुणे म्हणून जा, नाच बघा, जेवा.

गाडी तुम्हाला सोयीची आहे: झेलम आणि गोवा एक्सप्रेस दोन्ही नगरवरून जातात. आरक्षण ६० दिवस आधी उघडतं. दिल्लीत ब्लू लाइनचं जनकपुरी पश्चिम किंवा उत्तम नगर पूर्व स्टेशन धरून राहायची जागा शोधा. स्वस्त मिळते म्हणून पहाडगंजला राहिलात तर रोजचा बराच वेळ प्रवासात जाईल.

संख्या: १८ फार. हस्तसालमधली घरं म्हणजे तिसऱ्या-चौथ्या मजल्यावरची एक खोली, अरुंद जिना, लिफ्ट नाही. त्यात पाच-सहा माणसं राहतात. १८ जणांचा घोळका गल्लीत शिरला की सगळी गल्ली दारात येते, आणि घरमालकाला वाटतं की भाडेकरूकडे परदेशातून पैसा येतोय. पुढच्या महिन्यात भाडं वाढतं. ८ ते १० जण न्या, त्यात ३ मोठे. १८ वर्षांखालच्यांना या वेळी घरी ठेवा.

---

किराणा_आणि_हिशेब

किटबद्दल लिहितो, कारण पैसे इथेच वाया जातात.

गव्हाचं पीठ नेऊ नका. चिन घरात तीन वेळा भात असतो. पोळपाट-लाटणं आणि तवा असेलच असं नाही. तूरडाळही त्यांच्या रोजच्या जेवणातली नाही. उकडलेली भाजी, मिरचीची चटणी, परवडेल तेव्हा मटण किंवा डुकराचं मांस, आणि साबुती, म्हणजे मक्याच्या दाण्यांचं सूप. आता हिशेब करा. भात हेच मुख्य अन्न असतं तेव्हा मोठं माणूस दिवसाला ४०० ग्रॅमच्या आसपास तांदूळ खातं. पाच जणांचं कुटुंब म्हणजे रोज २ किलो. तुम्ही ५ किलोची पिशवी दिलीत तर अडीच दिवस. १०० कुटुंबांना अडीच दिवसांचं अन्न देण्यापेक्षा २५ कुटुंबांना दहा दिवसांचं द्या, म्हणजे २० किलोचा कट्टा. बासमती नको, स्वस्त आणि मऊ शिजणारा तांदूळ. ते कोणता घेतात हे विचारून त्याच दुकानातून.

त्याहूनही बरं म्हणजे वस्तीतल्या किराणा दुकानदाराकडे आगाऊ पैसे भरून १५०० रुपयांच्या चिठ्ठ्या करणं. चिठ्ठीवर क्रमांक आणि मंडळीचा शिक्का, मागे १५ दिवसांची मुदत. घरातली बाई तिला हवं ते घेते: तांदूळ, तेल, सॅनिटरी पॅड, बाळाचं दूध. रांग नाही, फोटो नाही, पोती वाहायची नाहीत. दारू-तंबाखू चिठ्ठीवर मिळणार नाही एवढं दुकानदाराशी आधी ठरवा. एकाच दुकानदारावर भिस्त ठेवली तर तो दर चढवतो, तेव्हा दोन दुकानं घ्या आणि चार जिनसांचे दर लिहून घ्या.

यादी कोणी करायची? तुम्ही नाही. पण एकाच मंडळीकडूनही घेऊ नका. 'चिन' हे अनेक जमातींचं मिळून नाव आहे, भाषा वेगळ्या, समित्या वेगळ्या. हाखा मंडळीने दिलेल्या यादीत फलम किंवा मतू कुटुंबं नसतील तर तुमच्या मागे भांडण उरतं. चिन रेफ्युजी कमिटीला आणि निदान तीन मंडळ्यांच्या वडीलजनांना एकत्र बसवून यादी घ्या. विधवा, एकट्या बाया, आजारी माणूस असलेली घरं आणि नुकतीच आलेली कुटुंबं आधी. नुकतीच आलेली यासाठी की त्यांची नोंदणी पूर्ण झालेली नसते, आणि तोवर त्यांना कुठलीच ठरलेली मदत मिळत नाही.

कपड्यांची १० पोती नगरमध्येच राहू द्या. साड्या, पंजाबी ड्रेसचे वरचे भाग, मोठ्या मापाच्या पँटी यांचा तिथे उपयोग नाही. बहुतेक माणसं अंगाने लहान चणीची, बायका घरी लुंगीसारखं वस्त्र नेसतात. पोती पाहुण्यांसमोर नाकारता येत नाहीत, म्हणून मंडळीच्या खोलीत पडून राहतात आणि शेवटी त्यांनाच फेकावी लागतात. थंडीत गेलात तर नवीन ब्लँकेट आणि मुलांचे स्वेटर तिथेच घ्या.

---

मराठी_शिक्षिका_पुणे

शब्बाथशाळा त्यांची त्यांना उत्तम चालवता येते. तुमच्या मुलांकडे मात्र एक गोष्ट आहे जी तिथे खरोखर कमी पडते: देवनागरी.

चिन भाषा रोमन लिपीत लिहितात. मुलं बायबल रोमनमध्ये वाचतात, आणि सरकारी शाळेत एकदम हिंदी माध्यमात जाऊन बसतात. दहा वर्षांचं मूल पहिलीच्या मुलांच्या बाकावर, असं होतं आणि मग शाळा सुटते. तुमच्या प्रत्येक मुलाला बाराखडी पाठ आहे आणि हिंदीही पाचवीपासून झालंय. पाच दिवस, रोज दीड तास, दोन शिकवणाऱ्यांमागे आठ मुलं. त्याहून जास्त मुलं घेऊ नका.

सगळी वर्णमाला काढून बसू नका. पहिल्या दिवशी क, म, न, र, ल, स एवढीच अक्षरं आणि 'आ'ची मात्रा: नाम, काम, माल, साल, कान, नाक, कमरा. त्याच दिवशी मूल शब्द वाचतं आणि दुसऱ्या दिवशी परत येतं. दुसऱ्या दिवशी वेलांट्या. इथे सगळी अडतात: रोमन वाचणाऱ्याला ऱ्हस्व वेलांटी अक्षराच्या आधी दिसते म्हणून 'किला' ते 'इकला' वाचतात. वेलांटी रंगीत खडूने काढा आणि बोट आधी अक्षरावर, मग वेलांटीवर. तिसऱ्या दिवशी उकार आणि एकमात्रा. चौथ्या दिवशी पत्ता, बसची पाटी, दवाखान्याची पाटी. पाचव्या दिवशी शाळेतून येते तशी सूचना: 'कल विद्यालय बंद रहेगा'.

उच्चारांत घ, झ, ध, भ जड जातात, कारण असे घोष महाप्राण ध्वनी त्यांच्या भाषांत नाहीत. बात–भात, दान–धान, गोल–घोल अशा जोड्या घ्या, तोंडासमोर कागदाची पट्टी धरा, हललेली दिसते. हसू नका आणि शेजारच्या मुलाला हसू देऊ नका.

आता आपल्या चुका, कारण त्या मुलांच्या वहीत उतरतात. आपला 'चमचा'तला च आणि 'जग'मधला ज हिंदीत चालत नाही, तिथे तालव्यच. 'विज्ञान' हिंदीत 'विग्यान', 'ऋतु' म्हणजे 'रितु'. मराठी वळणाचा ल आणि श दिल्लीच्या पुस्तकातल्यासारखे दिसत नाहीत, मुलं गोंधळतात, तेव्हा फळ्यावर हिंदी वळण काढायचा सराव नगरमध्येच करा. ळ विसरायचा, आणि सड़क, पेड़, लड़का यांतला नुक्त्याचा ड़ शिकवायचा.

वेळ ठरवताना लक्षात घ्या की दिल्लीत अनेक सरकारी शाळांच्या एकाच इमारतीत दोन पाळ्या असतात: सकाळी मुली, दुपारनंतर मुलगे. म्हणजे शाळा चालू असताना गेलात तर मुलग्यांचा वर्ग सकाळी आणि मुलींचा दुपारी ३ नंतर. एकच वेळ ठेवलीत तर अर्धी मुलं येणारच नाहीत, आणि तुम्हाला वाटेल त्यांना आवड नाही.

जाताना प्रत्येक गटाची वही मंडळीतल्या एखाद्या मोठ्या चिन मुलाकडे किंवा मुलीकडे द्या आणि पहिल्या दिवसापासून त्यांना वर्गात शेजारी बसवा. तुम्ही गेल्यावर वर्ग त्यांनाच चालवायचा आहे. नगरहून आठवड्यातून एकदा व्हिडिओ कॉल, सहा महिने तरी. हे जमणार नसेल तर वर्ग सुरूच करू नका.

---

परिचारिका_निवृत्त

घरभेटीपेक्षा दवाखान्यात सोबत जास्त उपयोगी. या भागातले आजारी हरी नगरच्या दीनदयाळ उपाध्याय रुग्णालयात जातात. उपचार मिळतात, अडचण बोलण्याची. केसपेपर कुठे, रक्त कुठे द्यायचं, औषध कोणत्या खिडकीवर, हे सगळं हिंदीत आणि घाईत सांगितलं जातं.

एका रुग्णामागे एकच सोबती, आणि बाईबरोबर मुलगीच. सोबत चिन दुभाषी हवाच. तुमचं हिंदी आणि त्याचं हिंदी मिळून काम होतं. सकाळी ८ च्या आत रांगेत. यूएनएचसीआरचं ओळखपत्र मूळ आणि दोन झेरॉक्स, मुदत संपलेली नाही ना हे आदल्या रात्री बघा. खिडकीवरचा माणूस आधार मागेल. वाद न घालता 'निर्वासित आहेत, हे त्यांचं ओळखपत्र' असं सांगायचं. नाहीच ऐकलं तर रुग्णालयाच्या समाजसेवकाकडे जायचं.

डॉक्टरांपुढे रुग्णाला बोलू द्या, तुम्ही नको. औषध घेतल्यावर पाकिटावर सूर्य, अर्धा सूर्य, चंद्र काढून किती गोळ्या ते टिपक्यांनी दाखवा. फसतं ते पुढच्या तारखेला: सोनोग्राफीची किंवा रिपोर्टची तारीख तुमची गाडी सुटल्यावरची असते. म्हणून रोज संध्याकाळी एक वही: नाव नको, फक्त मंडळीने दिलेला क्रमांक, तारीख, खोली, काय न्यायचं. ही वही निघताना समितीकडे. आजाराचं नाव संघाच्या व्हॉट्सॲपवर कधीही नाही.

घरी गेलातच तर दोन पाहुणे आणि दुभाषी, अर्धा तास. चप्पल बाहेर. 'चिबाइ' म्हणून हात मिळवा. दिलेलं पाणी, चहा घ्या. 'तिकडून कसे पळालात', 'घरचे कोण गेले' हे विचारू नका. फेब्रुवारी २०२१ च्या लष्करी उठावानंतर आलेल्यांच्या जखमा ओल्या आहेत. थंतलांगसारखं गाव जळलेलं आहे. त्यांनी स्वतःहून सांगितलं तर ऐका, लिहून घेऊ नका.

---

कायदा_आणि_देणगी

शिकागोच्या काका-काकूंबद्दल. ओसीआय कार्ड असलं तरी मिशनरी स्वरूपाच्या कामासाठी विशेष परवानगी लागते. २०२१ च्या अधिसूचनेत हे स्पष्ट आहे. ते नातेवाइकांना भेटायला भारतात येऊ शकतात, पण या कार्यक्रमात त्यांना घेऊ नका. तिकडच्या मंडळीचे पैसेही तुमच्या संघाच्या किंवा कोषाध्यक्षाच्या खात्यावर घेऊ नका. परदेशी देणगीला एफसीआरए (परदेशी देणगी नियमन कायदा) खाली संस्थेची नोंदणी लागते, ती स्टेट बँकेच्या नवी दिल्ली मुख्य शाखेतल्या ठरलेल्या खात्यातच यावी लागते, आणि २०२० च्या दुरुस्तीनंतर नोंदणीकृत संस्थेलाही ती दुसऱ्या संस्थेकडे वळवता येत नाही. म्हणजे 'पाळकसाहेबांच्या ओळखीच्या ट्रस्टमधून फिरवू' हा मार्गही बंद.

त्यांना खरी तळमळ असेल तर सोपी वाट त्यांच्या दाराशी आहे. अमेरिकेतला सर्वांत मोठा चिन समाज इंडियानापोलिसला आहे, शिकागोहून मोटारीने तीन-साडेतीन तास. दिल्लीतल्या पुष्कळ कुटुंबांचे नातेवाईक तिथेच आहेत.

पुनर्वसनाबद्दल तुम्हाला प्रत्येक घरात विचारलं जाईल: 'आम्हाला बाहेर पाठवायला मदत कराल का?' उत्तर आधीच ठरवून घ्या: 'ते आमच्या हातात नाही.' शिफारसपत्र नाही, 'बघतो' नाही. जगातल्या एक टक्क्याहून कमी निर्वासितांना तिसऱ्या देशात जागा मिळते, आणि अमेरिकेचा कार्यक्रम जानेवारी २०२५ मध्ये थांबवला गेला. 'बघतो' या एका शब्दावर माणसं महिनोन्‌महिने फोन करतात. एक मात्र नक्की सांगा: यूएनएचसीआरची कुठलीही सेवा फुकट आहे, पैसे मागणारा दलाल फसवतो आहे. कायद्याची किंवा शाळेची अडचण दिसली तर यूएनएचसीआरच्या सहयोगी संस्थांकडे पाठवा, बॉस्कोसारख्या. स्वतः पोलीस ठाण्यात जाऊ नका.

फोटो: चेहरा नाही, दाराची पाटी नाही, ठिकाणाची खूण नाही. मागे म्यानमारमध्ये आईवडील आहेत, आणि इथल्या फोटोवरून तिथे चौकशी होऊ शकते. वर्गाच्या आणि भेटीच्या वेळी सगळ्यांचे फोन एका पिशवीत. मुलांशी एकट्याने बंद खोलीत कोणीही नाही, नेहमी दोन मोठे. पॉक्सो कायदा (मुलांना लैंगिक अत्याचारापासून संरक्षण देणारा) काय सांगतो हे निघण्याआधी एका तासाच्या बैठकीत समजावून द्या आणि प्रत्येकाची सही घ्या.

---

तरुणसंघ_नगर

सर्वांचे मनापासून आभार. नवा आराखडा: १० जण, सगळे १८ च्या वर, २३ फेब्रुवारी ते २ मार्च. पथनाट्य, कपडे, किट रद्द. ३० कुटुंबांना १५०० च्या चिठ्ठ्या, म्हणजे ४५ हजार. सकाळी दोघींची दवाखान्यात सोबत, बाकीच्यांचे देवनागरीचे चार गट. काका-काकूंशी आज बोलतो. दोन प्रश्न राहिले. बोलावणं कोणाकडून घ्यायचं? आणि रविवारी उपासनेत आम्ही काय करायचं?

---

पश्चिम_दिल्ली_सेवा

बोलावणं लेखी आणि त्यांच्याकडूनच. दिल्लीतल्या तुमच्या ओळखीच्या एखाद्या मंडळीच्या पाळकांमार्फत चिन मंडळ्यांच्या वडीलजनांना पत्र पाठवा. त्यात तुम्हाला काय येतं तेवढंच लिहा: देवनागरी शिकवता येते, हिंदी बोलता येतं, रांगेत उभं राहता येतं, ४५ हजार रुपये आहेत. त्यांना काय हवं ते त्यांना ठरवू द्या. 'वर्ग नको, आमच्या उपासनेच्या जागेचं दोन महिन्यांचं भाडं द्या' असं उत्तर आलं तर तेच करा. फेब्रुवारीअखेर बरी आहे, फक्त वार्षिक परीक्षा तोंडावर असतात, म्हणून मोठ्या मुलांना बाराखडीऐवजी त्यांच्याच पुस्तकातले धडे वाचून दाखवा.

रविवारी मागच्या बाकावर बसा. भाषा कळणार नाही, पण पुष्कळ गीतांच्या चाली ओळखीच्या निघतील, तेव्हा मराठीत गा. संदेश द्यायला सांगितलं तर पाच मिनिटं, दुभाष्यासह, वाक्यं छोटी. जेवायला थांबवतील. थांबा, आणि नंतर भांडी घासायला मुलग्यांनाही पाठवा.

१० जणांची ये-जा स्लीपरने १४ हजारांच्या आसपास धरा, राहणं-जेवण वेगळं. हा खर्च संघाने स्वतः उभा करा. कुटुंबांसाठी जमलेल्या पैशांना त्यासाठी हात लावू नका. त्या दोन रकमांच्या दोन वह्या आजच सुरू करा.